सुभेदारांचा खारट पाहुणचार

आमच्या शेजारचे आनंदराव सुभेदार चहात मीठ घालतात. चिमूटभर नव्हे. चांगले घसघशीत घालतात, ढवळतात, चाखून बघतात, आणि 'कमी पडलं' म्हणून आणखी घालतात. ही ऐकीव माहिती नाही. तो चहा मी स्वतः प्यालेलो आहे, आणि माझ्या रक्तदाबाचे जे काही झाले आहे त्याला डॉक्टरांच्या मते माझे वय आणि माझ्या मते सुभेदार जबाबदार आहेत.

मी कचेरीत हिशेब तपासणारा माणूस. जमा आणि खर्च जुळल्याशिवाय मला झोप येत नाही. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यापासून आमच्या घरी सौ. माझी आमटी वेगळी काढते. लोणचे बंद, पापड बंद, शेंगदाण्याच्या चटणीकडे तर मी लांबूनच बघतो. आणि असे दिवसभर जपून वाचवलेले मीठ हा गृहस्थ संध्याकाळी एका बैठकीत माझ्या पोटात परत घालतो! एकदा मी कागद घेऊन दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. सुभेदारांची बाजू इतकी जड निघाली की मी कागद फाडून टाकला. सौ.ला दाखवण्यासारखा तो नव्हता.

सुभेदार मूळचे उंब्रजकडचे. घरचा ऊस भाऊ बघतात. हे मिसरूड फुटण्याआधी पलटणीत गेले आणि नोकरीचा बराच काळ काश्मिरात काढून आले. पेन्शन झाल्यावर साताऱ्यात आमच्या कुंपणाला लागून दोन खोल्या बांधल्या. पत्नी त्याआधीच गेलेली. मुलगा सांगलीला, कुपवाडच्या एका कारखान्यात. तो सणाला मोटारसायकलवरून येतो, हेल्मेट हातातच ठेवतो, आणि तिखट-गोड काही खाऊन संध्याकाळच्या आत परत जातो. बापाचा चहा तो पीत नाही. त्याचे मला नेहमी कौतुक वाटत आले आहे.

घरात खुर्ची नाही. जमिनीवर लोकरीचा जाड नमदा, आणि मधोमध समोवार. म्हणजे तांब्याचे एक पोटाळ भांडे. त्याच्या पोटात उभी नळी, नळीत धगधगते निखारे, आणि भोवती तो चहा तासन् तास रटरटत असतो. त्याचा रंग गुलाबी. चहाचा रंग गुलाबी का असावा, असे मी एकदा विचारले.

"सोडा घातलाय की त्यात," सुभेदार म्हणाले.

म्हणजे मीठ आणि वर सोडा! सोबत खायला काय, तर बेकरीतली खारी. मिठाला तोंडी लावायला मीठ.

'तिकडं', म्हणजे काश्मिरात, हा त्यांचा आवडता शब्द. तिकडं पाणी असं न्हाई. तिकडं कुत्री अशी भुंकत न्हाईत. तिकडं नळ दुरुस्त करणारा सांगितल्या वेळेला येतो (हे तर मला साफ खोटे वाटते). पण तिकडची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाहुणचार. "तिकडं दारावरनं माणूस उपाशी जात न्हाई, सायेब." जात नसेल. पण दारावरून जाणाऱ्या माणसाला दंडाला धरून आत ओढण्याची तिकडे पद्धत आहे का, हे मला अजून कळलेले नाही.

कारण सुभेदार तसे ओढतात. संध्याकाळी फाटकाशी उभे राहायचे आणि दिसेल त्याला, "आवं, तशरीफ ठेवा की! घाई कशाची? लढाई हाय व्हय?" पोस्टमन आता त्यांची पत्रे कुंपणावरून आत टाकतो. विम्याचा एजंट मात्र सापडला. पॉलिसीच्या आशेने बिचारा पीत राहिला, पीत राहिला, आणि शेवटी पॉलिसीचा कागद न काढताच पोवई नाक्याच्या दिशेने जो गेला तो पुन्हा आमच्या गल्लीत दिसला नाही. माझे घर शेजारचे. मी पळून पळून कुठे जाणार?

पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी बिनकानाचा एक पेला भरून हातात दिला. पहिल्या घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी आले. पण आमच्या वडिलांची शिस्त अशी, की दुसऱ्याच्या घरी दिलेले उरवायचे नाही. पेला रिकामा केला की घरधनी खूश होतो आणि आपण सुटतो. साताऱ्यात पाहुण्याच्या हातावर एक कंदी पेढा ठेवतात. पाहुणा तो खातो, पाणी पितो आणि जातो. किती सुटसुटीत व्यवहार! म्हणून मी नाक बंद करून पेला घटाघटा संपवला आणि समाधानाने खाली ठेवला.

सुभेदारांनी तो भरला.

मी तोही संपवला. त्यांनी तोही भरला. त्या दिवशी मी घरी आलो आणि रात्री जेवलो नाही. सौ.ने विचारले, "काय झालं?" मी म्हणालो, "पाणी दे." पुढच्या वेळी शहाणा होऊन अर्धा पेला तसाच ठेवला. सुभेदारांनी वरून ओतून काठोकाठ केला. त्याच्या पुढच्या वेळी पेला नमद्यावर उपडाच घातला. त्यांनी तो सुलटा केला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि भरला. "नको, सुभेदार, खरंच नको," असे मी हात जोडून म्हणालो तेव्हा ते म्हणाले, "पाव्हणा नकोच म्हणणार की! तिकडं पाव्हण्याच्या तोंडाचं कोण ऐकत न्हाई."

हा पाहुणचार म्हणावा की कैद? मी सौ.ला तसे बोलूनही दाखवले. ती म्हणाली, "मग जाऊ नका." जणू मी जात होतो! मला नेले जात होते.

गेल्या थंडीत मात्र एक गोष्ट घडली. सायकलवर शालींचे गाठोडे लादून एक काश्मिरी फेरीवाला आमच्या गल्लीत आला. खरा तिकडचा माणूस. सुभेदार फाटक उघडून अक्षरशः धावले. त्याच्याशी तिकडच्या भाषेत काहीतरी बोलले, त्याला मिठी मारली, गाठोड्यासकट आत नेले आणि साक्षीदार असावा म्हणून मलाही कुंपणावरून हाक मारून बोलावले. "या, सायेब, या! आज बगा, चा कसा पित्यात ते!"

मी बघितले. शालवाल्याने पेला दोन्ही हातांत घेतला, सावकाश प्याला, 'वाह' म्हणाला. सुभेदारांची छाती फुगली. त्यांनी पुन्हा समोवार उचलला. तेव्हा शालवाल्याने हसून आपला पंजा पेल्याच्या तोंडावर पालथा ठेवला. "बस, हुजूर."

आणि सुभेदारांनी समोवार खाली ठेवला!

आग्रह नाही, लढाई नाही, काही नाही. एवढ्या वर्षांत माझ्या हात जोडण्याने जे झाले नव्हते ते एका पंजाने झाले. शालवाला थोड्या वेळाने उठला आणि आमच्याकडे शाली दाखवायला आला. तिथे सौ.च्या हातचा साखरेचा चहा त्याने पुन्हा मागून घेतला, हे मी सुभेदारांना आजवर सांगितलेले नाही. पण बाकीचे बोलायला, शालवाला गेल्याबरोबर, मी तडक त्यांच्याकडे गेलो.

"सुभेदार, पेल्यावर हात ठेवला की ओतायचं नाही, हा तिकडचा नियम आहे?"

"हाय की."

"तुम्हाला ठाऊक होता?"

"आता तिकडं ऱ्हायलोय म्हणल्यावर ठावं नसंल व्हय?"

"मग मला का नाही सांगितलंत? मी इथे मीठ पिऊन मरतोय!"

सुभेदार समोवारातली राख काढत होते. वर न बघता म्हणाले, "सांगितलं असतं तर तुमी पयल्याच पेल्यावर हात ठिवला असता."

"अर्थात ठेवला असता!"

"आन् उठून गेला असता."

मी पुन्हा 'अर्थात' म्हणणार होतो, पण म्हणालो नाही. घरी निघून आलो. मला फार राग आला होता. शेजाऱ्याला बसवून घ्यायचे असेल तर सरळ 'बसा' म्हणावे. त्यासाठी त्याच्या प्रकृतीशी खेळायचे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आपण होऊन गेलो. कोणी न ओढता. एक पेला प्यालो आणि त्यावर पंजा ठेवला. सुभेदारांनी समोवार खाली ठेवला आणि दाराशी काढलेल्या माझ्या चपलांकडे बघितले. त्या बघण्याचा मला मनस्वी संताप आला. मी काय एका पेल्यावर पळणारा माणूस आहे? मी मांडी बदलली आणि तसाच बसून राहिलो.

ओतायचे नाही म्हटल्यावर त्यांना काय करावे ते कळेना. खारीचे तुकडे गोळा केले, नमद्याची सुरकुती काढली. मग म्हणाले, "मी वर्सातनं एकडाव रजेवर यायचो, सायेब. घरात पाऊल टाकलं की ही पाट मांडायची. चांगल्या कपात चा द्यायची. पोराला म्हणायची, दंगा करू नगं, ते आल्यात. एक दिस कदी म्हणली न्हाई, की आवं, म्हशीला वैरण टाका. माज्याच घरात मी पाव्हणा. पेन्शनीत आल्यावर बगू म्हणलं, तर तीच ऱ्हायली न्हाई."

मी विचारले, "आणि तिकडे?"

"तिकडं चौकीखाली एका म्हातारीचं घर हुतं. पयल्यांदा गेलो तवा ती वतत गेली आन् मी पीत गेलो. आपल्याकडं उरवायचं नसतंय न्हवं? लय हसली. हात कसा ठिवायचा ते तिनंच शिकवलं. दुसऱ्यांदा गेलो, तर चा न्हाई, काय न्हाई, थेट हातात कुऱ्हाड दिली. म्हणली, लाकडं फोड." सुभेदार समोवाराकडे बघत राहिले. "लय बरं वाटलं बगा. घरी आल्यागत."

मीही समोवाराकडे बघत राहिलो. आतले निखारे राखाडी पडत चालले होते.

"आवं सायेब," सुभेदार एकदम खेकसले, "नुसतं बगत काय बसलाय? इस्तू इझाया लागलाय. फुंका की जरा!"

मी? स्वतःच्या घरात मी आजवर शेगडीला हात लावलेला नाही, सौ.ला विचारा. आणि हा माणूस दारी आलेल्या मला निखारे फुंकायला सांगतो! मी गुडघ्यांवर बसलो, समोवाराच्या तळाशी तोंड नेले आणि फुंकर घातली. डोळ्यांत धूर गेला, धुतलेल्या सदऱ्यावर राख उडाली, आणि वरून सुभेदार ओरडत होते, "जोरात, जोरात! कचेरीतली फाईल हाय व्हय ती!"