ज्योत्स्नाचा पेशंट

माझ्या बायकोला एक पेशंट हवा होता आणि मला एक दिवस रजा हवी होती. दोन्ही गरजा एकाच सकाळी जमून आल्या आणि घात झाला.

सिंहस्थाच्या वर्षातली गोष्ट. सन दोन हजार तीन. ज्योत्स्ना, म्हणजे माझी पत्नी, एका खासगी दवाखान्यात नर्स होती. बी.एस्सी. नर्सिंग लग्नाआधीच झालं होतं. आता तिला एम.एस्सी. करायचं होतं. तिने अर्ज केला, लेखी परीक्षा दिली, ती पासही झाली आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मुलाखतीत म्हणे एखादा धडा शिकवून दाखवायचा होता. तिने विषय घेतला 'बँडेज बांधण्याच्या पद्धती'.

"तुम्ही नुसतं पडून राहायचं," ती म्हणाली. "काही करायचं नाही. काही बोलायचं नाही."

मी सरकारी कचेरीत कारकून. काही न करता पडून राहण्याचा मला अकरा ते साडेपाच असा दांडगा अनुभव. (माझं नाव ढुंढिराज. फाइल हरवली की सगळी कचेरी 'ढूंढो, राज!' म्हणून ओरडते आणि मी झोपेतून दचकून उठतो.) मी लगेच होकार दिला आणि साहेबांना फोन करून पोटात दुखत असल्याचं कळवलं.

मुलाखत दुपारी होती. यशश्री, आमची लेक, शाळेत गेल्यावर आमची तालीम सुरू झाली. ज्योत्स्नाने मला पलंगावर आडवं केलं आणि समोरच्या भिंतीला उद्देशून शिकवायला लागली. "विद्यार्थिनींनो, रुग्णाच्या डोक्याला जखम आहे." डोकं बांधलं. "रुग्णाचा जबडा निखळला आहे." हनुवटीखालून टाळूपर्यंत पट्टी फिरली आणि माझं तोंड बंद झालं. (लग्नाला अकरा वर्षं झाली होती. हे आधी कसं सुचलं नाही, असा भाव तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसला.) मग डाव्या हाताची पाची बोटं गुंडाळली. उजव्या हाताला फळीऐवजी लाटणं बांधून हात झोळीत अडकवला. पाय राहिला होता.

"पायाला लांब काहीतरी हवं," असं म्हणत ती दाराआडची छत्री घेऊन आली. बटणाची, नवीन छत्री. ती घोट्यापासून मांडीपर्यंत बांधून झाली आणि त्याच क्षणी फोन वाजला.

फोन तृप्तीचा, तिच्या मैत्रिणीचा. तीही मुलाखतीला आली होती. तिचा आवाज मला पलंगावर ऐकू येत होता.

"अगं, कुठे आहेस? आडनावाच्या अक्षराप्रमाणे बोलावताहेत! आणि वेळ अलीकडे घेतलीय. अकोलकर पहिल्या पाचांत!"

पुढचं सगळं एका झपाट्यात झालं. साडी, फाइल, पर्स, लुनाची किल्ली. "ऊं! ऊं!" मी म्हणालो.

"हो हो, शुभेच्छा पोचल्या," ती म्हणाली. जिन्यावरून तिचा आवाज आला, "यशोदामावशी, यांचं तेवढं बघा हो! मला थांबायला वेळ नाही!" आणि लुना फटफटत निघून गेली.

यशोदाबाई खालच्या मजल्यावर राहायच्या. त्यांचा बाजारात भाजीचा गाळा होता आणि त्यांचं काळीज मोठं होतं, आवाज त्याहून मोठा. त्या वर आल्या, दारातच थबकल्या आणि त्यांनी जी किंकाळी फोडली ती गंगेच्या पलीकडे ऐकू गेली असणार.

"अरं देवा! भाऊ खड्ड्यात पडलं!"

यात त्यांची चूक नव्हती. त्या दिवसांत सिंहस्थाची कामं चालली होती आणि पंचवटीतली गल्ली न् गल्ली खणून ठेवली होती. आठवड्यात कोणी ना कोणी पडतच होतं. मी जोरजोरात मान हलवून नाही म्हणालो.

"मान उडतीय! फिट आली वाटतं!"

मी शांत झालो. एकेक शब्द सावकाश उच्चारायचं ठरवलं. मला म्हणायचं होतं, 'पट्टी सोडा.' बांधलेल्या जबड्यातून बाहेर पडलं, "अत्ती ओआ."

"आत्तीला बोलवा?" यशोदाबाईंनी पदर डोळ्याला लावला. "आत्याची आठवण काढली हो माणसानं! सायखेड्याच्या आत्याची! आता काय खरं नाय."

त्यांनी खिडकीतून हाक मारली आणि गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला गोरक्ष रिक्षावाला धावत आला. त्याने मला डोक्यापासून छत्रीपर्यंत न्याहाळलं.

"पायात सळई घुसलीय का काय?"

"मूठ बाहेर राहिलीय बघ," यशोदाबाई म्हणाल्या. "वहिनी घाबरून पळत गेली ना रे! मला म्हणली, यांचं बघा."

दोघांनी मिळून मला जिन्यावरून खाली आणलं. माझं वजन पाहता हा मोठाच पराक्रम होता. रिक्षात बसवताना प्रश्न आला पायाचा. तो वाकेना. शेवटी गोरक्षाने मला आडवं बसवलं आणि छत्रीसकट पाय बाहेर काढून ठेवला. त्या पायाला यशोदाबाईंनी आपला लाल रुमाल बांधला, ट्रकमधल्या लोखंडी गजांना बांधतात तसा. अशा थाटात माझी मिरवणूक खड्डे चुकवत निघाली. (एकही चुकला नाही.) वाटेत दोन यात्रेकरूंनी मला नमस्कार केला. मी काहीतरी कडक व्रत घेतलंय असं त्यांना वाटलं असावं.

गोरक्षाने रिक्षा नेली जवळच्या मोठ्या हॉस्पिटलात. त्याच हॉस्पिटलाचं नर्सिंग कॉलेज. आणि त्याच कॉलेजात ज्योत्स्नाची मुलाखत. ते ओळखीचं फाटक आणि त्यापाशी उभी असलेली आमची लुना पाहिली आणि माझ्या पोटात खरंच दुखायला लागलं.

मला एकच वाटत होतं, तिने आपल्याला पाहता कामा नये. दोन वर्षं ती रात्रपाळ्या करून, यशश्रीला झोपवून, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून अभ्यास करत होती. मला कधी तिने एक पुस्तक उचलून ठेवायला सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा काहीतरी सांगितलं ते 'नुसतं पडून राहा' एवढंच, आणि मी तेही धड करू शकलो नव्हतो.

तातडीच्या विभागातला डॉक्टर अगदी तरुण होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो हरखून गेला.

"वा! हे ड्रेसिंग कोणी केलंय? काय सुंदर पट्टी फिरवलीय! सिस्टर, या, बघा जरा."

दोघीतिघी सिस्टर गोळा झाल्या. सगळ्यांनी डोक्याभोवतीची पट्टी वाखाणली.

"अत्ती ओआ," मी कळवळून म्हणालो.

"आत्याला निरोप धाडलाय," यशोदाबाईंनी खुलासा केला.

"सोडू नका एवढ्यात," डॉक्टर म्हणाला. "इतकं चांगलं बांधलंय, म्हणजे आत काहीतरी गंभीर असणार. आधी एक्स-रे."

वॉर्डबॉयने माझी स्ट्रेचरची गाडी ढकलली. लांबलचक व्हरांडा. डाव्या हाताला एक्स-रेची खोली, उजव्या हाताला बाकं. बाकांवर फाइली मांडीवर घेतलेल्या बायका ओळीने बसलेल्या. मी डोळे मिटून घेतले.

"अय्या," तृप्तीचा आवाज. "ज्योत्स्ना, ही तुझी छत्री ना?"

डोळे उघडले तर ज्योत्स्ना माझ्यावर वाकलेली. पाच सेकंद तिला काहीच कळेना. मग तिचा चेहरा लाल झाला. रागाने की हसू दाबल्याने, हे मला आजतागायत कळलेलं नाही. तेवढ्यात दारातून शिपायाने पुकारलं, "ज्योत्स्ना अकोलकर!"

ती वॉर्डबॉयला म्हणाली, "यांना काहीही झालेलं नाही. इथंच भिंतीशी लावून ठेवा." आणि पदर सारखा करून आत निघाली.

"अगं बाई!" यशोदाबाईंचा आवाज व्हरांडाभर घुमला. "नवरा मरायला टेकलाय आणि ही परीक्षेला चालली! लय शिकली म्हणून काय काळजाचा दगड झाला का तुझा?"

मुलाखतीच्या खोलीचं दार पूर्ण उघडलं. प्राचार्या बाहेर आल्या. उंच, चष्मा, करडे केस.

"काय प्रकार आहे?"

मला वाटलं, संपलं. दोन वर्षं पाण्यात. मी पट्ट्यांच्या आत घामाने भिजून गेलो. ज्योत्स्ना म्हणाली, "मॅडम, हे माझे मिस्टर. यांच्यावर सराव करत होते, सोडायचं राहून गेलं. शेजाऱ्यांना खरंच अपघात वाटला."

प्राचार्यांनी माझ्याभोवती एक फेरी मारली. लाटणं पाहिलं. छत्री पाहिली. चेहरा जराही हलला नाही.

"आत घ्या," त्या म्हणाल्या.

अशा रीतीने मी बायकोच्या मुलाखतीला हजर राहिलो. समोर तिघं परीक्षक, मध्ये मी, बाजूला ज्योत्स्ना. सुरुवातीला तिचा आवाज थरथरत होता. पण पहिली गाठ हातात आली आणि ती सगळं विसरली. कुठली पट्टी का बांधली, कुठे घट्ट, कुठे सैल, घरात फळी नसली तर काय वापरायचं, हे सगळं ती एकेक वेढा सोडत सांगत गेली. मी तिला असं शिकवताना कधी पाहिलं नव्हतं. भिंतीकडे तोंड करून बोलणारी ती ही नव्हेच.

टोकाला बसलेल्या एका परीक्षकांनी विचारलं, "नोकरी आहे, मुलगी लहान आहे. घरच्यांचा पाठिंबा आहे का?"

ज्योत्स्नाने माझ्याकडे बोट दाखवलं. "सर, तुमच्यासमोरच आहेत. पूर्ण बांधील आहेत."

प्राचार्या पहिल्यांदा हसल्या. मग मला म्हणाल्या, "जबडा मोकळा झालाय. तुम्हाला काही सांगायचंय?"

आता आपणही काहीतरी भारदस्त बोलावं म्हणून मी उठून बसायला गेलो. हाताला अजून बांधलेल्या लाटण्याचा धक्का छत्रीच्या बटणाला बसला. फट्! पायावर भलीमोठी काळी छत्री उघडली, पट्ट्या तटातट तुटल्या आणि परीक्षकांसमोरचे चहाचे कप एकापाठोपाठ एक टेबलाखाली गेले.

संध्याकाळी सायखेड्याची आत्या रडत रडत येऊन दाखल झाली आणि मी धडधाकट आहे हे कळल्यावर चिडून महिनाभर राहिली. यादी लागली तेव्हा ज्योत्स्नाचं नाव दुसरं होतं. यशोदाबाईंनी गल्लीत पेढे वाटले, आणि 'मी नेलं म्हणून झालं' हे प्रत्येक पेढ्यामागे सांगितलं. ते खरंच होतं.

प्राचार्यांनी मात्र प्रवेशाच्या वेळी ज्योत्स्नाजवळ एक विनंती केली. त्यांच्या पहिल्या वर्षाच्या मुलींना सरावासाठी पेशंट मिळत नव्हता. दर शनिवारी मिस्टरांना पाठवाल का? ज्योत्स्नाने मला न विचारता होकार दिला. सहा महिने मी शनिवारी जाऊन स्वतःला बांधून घेत होतो. खरं सांगायचं तर मला ते आवडायला लागलं होतं. मुली मला 'सर' म्हणायच्या, आणि कचेरीत ते कोणी म्हणत नाही.

एका शनिवारी गेलो तर माझ्या पलंगावर दुसराच कोणीतरी. कॉलेजने परदेशी बनावटीचा रबरी पुतळा आणला होता. मुली त्याच्याभोवती गर्दी करून उभ्या होत्या. मला कोणी 'या' म्हणालं नाही. प्राचार्यांनी आभार मानले, चहा दिला आणि दारापर्यंत पोचवायलाही आल्या.

घरी येऊन मी ज्योत्स्नाला विचारलं, "असं काय आहे त्या पुतळ्यात, जे माझ्यात नाही?"

पुस्तकातून डोकं वर न काढता ती म्हणाली, "त्याचं डोकं उघडलं की आत मेंदू निघतो."