तराजूसरांचा कल

राज्यशास्त्राच्या सरांची छाती एकाच गोष्टीने फुगायची. "माझं मत कोणत्या बाजूला आहे, हे कॉलेजात कुणाला कळलेलं नाही. अहो, घरी बायकोलासुद्धा नाही!" वर्गात डाव्यांना एक चिमटा काढला, की लगेच उजव्यांना दुसरा! पोरांनी नावच ठेवलं होतं, तराजूसर.

म्हणूनच विद्यार्थ्यांच्या वादविवादाचं अध्यक्षपद दरवर्षी त्यांचं. यंदा मात्र प्राचार्यांनी बजावलं होतं, "पक्षपाताची एक तक्रार आली, की खुर्ची इतिहासवाल्यांना!" आणि इतिहासवाले सर तर शिंक्याखालच्या बोक्यासारखे टपलेलेच!

नेमकी त्याच सकाळी सरांची मान धरली. अशी धरली, की डोकं डाव्या खांद्यावर टेकलं ते टेकलंच! जणू खांद्याला गुपित विचारतंय!

सर तसेच मंचावर चढले मात्र, डाव्या गटाची पुढारीण टाळी पिटत उठली. "सर डावीकडे झुकले!"

"हट्! इकडून बघ की!" उजव्यांचा म्होरक्या बाकावर चढला. "उजवीकडे झुकलेत!"

"मान सरांची आहे का तुझी? डावं-उजवं सरांचंच धरायचं!"

"अरे बाबांनो, मान अवघडलीय!" सर कळवळले.

"अवघडणारच! इतकी वर्षं दाबून ठेवलेलं मत ते!"

सरांनी शक्कल लढवली. बाजूच बदलून टाकू म्हणून गर्रकन पाठमोरे झाले. घात झाला! आता कुठूनही बघा, मान डावीकडेच!

"दगा! पक्षांतर!" म्होरक्या किंचाळला. प्राचार्यांच्या भुवया चढल्या. इतिहासवाल्यांनी खिशातलं भाषण बाहेर काढलं.

"थांबा, आत्ता सरळ होऊन येतो!" म्हणत सर धावले ते थेट समोरच्या हाडांच्या डॉक्टरकडे. परतले तेव्हा मान विजेच्या खांबासारखी ताठ आणि तिच्याभोवती जाडजूड पट्टा!

"आता बोला!" सर गरजले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "सरांच्या गळ्यात पट्टा! कुणाचा?"

झालं! दोन्ही गट एका सुरात ओरडू लागले, "कुणाचा पट्टा? सांगा, कुणाचा पट्टा?" इतिहासवाल्यांचा एक पाय मंचाच्या पायरीवर पडलासुद्धा!

"कुणाचा म्हणजे?" दारातून खणखणीत आवाज आला. सरांची विसरलेली मलमाची ट्यूब घेऊन साक्षात बाईसाहेब उभ्या! "लग्न झाल्यापासून माझाच आहे! आणि डावं-उजवं काय घेऊन बसलात? यांना मत असतं, तर घरात मला कधी दिसलं नसतं का?"

हसून हसून बाकं हलली. पुढारीण डोळे पुसत म्हणाली, "आमची तक्रार नाही, सर!"

"आमचीही नाही," म्होरक्याने पोट धरलं.

खुर्ची वाचली. सर ताठ मानेने बसले. दुसरा इलाजच नव्हता! गेलं ते फक्त तराजूसर हे नाव. आता सगळं कॉलेज त्यांना 'पट्टेवाले' म्हणतं.

त्यावर एकच तक्रार आली. कॉलेजच्या खऱ्या पट्टेवाल्याची!