गजभियेकाकांच्या तीन घंट्या

गजभियेकाका दिवसातून निदान सहा वेळा स्वतःच्याच नंबरवर फोन लावतात, आणि तोही दुसऱ्याच्या मोबाईलवरून.

आम्ही स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर सहामध्ये राहायला आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी ते माझ्या दारात उभे होते. उंच, वाळके, पायात प्लांटमधले जुने सेफ्टी शूज. "जय भीम, मॅडम. बाजूच्या क्वार्टरमधला गजभिये. तुमचा मोबाईल द्या बरं जरा, ट्रायल घ्याची आहे."

मी खोकी उघडण्यात गुंतले होते. दिला. त्यांनी तोंडपाठ नंबर दाबला, पण फोन कानाला लावलाच नाही. कान लावला भिंतीकडे. पलीकडे त्यांच्या घरात घंटी वाजली. एक, दोन, तीन. तिसरीला त्यांनी फोन कापला, माझ्या हातात परत ठेवला आणि म्हणाले, "लाईन चालू आहे." नमस्कार करून गेलेसुद्धा.

मला वाटलं, बिचाऱ्यांचा मोबाईल घरात कुठेतरी हरवलाय. संध्याकाळी ते परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळीही आले. तेव्हा मी जरा तिरसटपणेच विचारलं, "काका, अजून सापडला नाही का?"

"हरवला कुठं? घरी आहे. ड्यूटीवर आहे."

हा माणूस मोबाईल बाळगतो, पण जवळ कधीच बाळगत नाही. बाजारात गेले की भाजीवाल्याचा फोन, सायकलचं पंक्चर काढायला गेले की त्या दुकानदाराचा. एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्या दाढीनिशी उठून त्यांनी शेजारच्या गिऱ्हाइकाकडे हात पसरला होता. सगळा सेक्टर त्यांना 'ट्रायलवाले अंकल' म्हणतो. माझ्या मोबाईलमध्ये लावलेल्या फोनांची यादी उघडली की गजभिये, गजभिये, गजभिये. आईचा नंबर शोधायला खाली खाली जावं लागतं.

दुसरी गोष्ट म्हणजे हा माणूस बसत नाही. प्लांटमध्ये एकतीस वर्षं क्रेन चालवली, वरच्या केबिनमध्ये बसून. "बसाचा कोटा संपला माझा," म्हणतात. चहा उभ्यानं. पेपर उभ्यानं. आमच्याकडे वाढदिवसाला आले तेव्हा केकची बशी हातात धरून हॉलभर फेऱ्या मारत होते, आणि माझ्या सासूबाईंची मान त्यांच्यामागे फिरून फिरून दुखायला लागली.

या घंट्यांचं कारण मला महिन्याभरानं कळलं. त्यांच्या बायकोचे, सुमनकाकूंचे डोळे शुगरनं गेले आहेत. आता नुसता उजेड कळतो. घरातलं सगळं त्यांना बोटांनी पाठ आहे, कांदासुद्धा चिरतात. पण काका बाहेर गेले की काकू एकट्या. मग काकांनी नियम केला. बाहेरून घंटी द्यायची. घरी सगळं ठीक असेल तर काकूंनी फोन उचलायचा नाही. तीन झाल्या की काका कापणार. पण उचलला, तर समजायचं गडबड आहे, आणि काका धावत येणार.

"पण काका, उलटं नको का? ठीक असेल तर उचलायचा."

"मॅडम, पडली तर हात फोनपर्यंत पुरला पायजे नं. म्हणून तिच्या गळ्यातच अडकवला आहे."

खरोखरच काकूंच्या गळ्यात दोरीला तो जुना बटणांचा फोन असतो. हैदराबादला असलेल्या त्यांच्या मुलानं टचचा महागडा फोन पाठवला होता. तो कपाटात टॉवेलात गुंडाळलेला आहे. काकू म्हणतात, "काचेवर बोट कुठं ठेवू? सारं एकसारखंच लागते." जुन्या फोनच्या पाचाच्या बटणावर बारीक टेंगूळ आहे. तिथून वर, खाली, आजूबाजूला सगळे आकडे त्यांना सापडतात.

तर गेल्या रविवारी दुपारी काका आले ते चेहरा पाडून. "मॅडम, घंटी वाजून नाही राहिली."

फोनवर आलं होतं, सिम टाका. सिम होतंच आत. इतक्या वर्षांनी ते घासून गेलं होतं. "तुमी सुमनजवळ बसा. मी नेहरू नगरहून याच नंबरचं नवीन घेऊन येतो." घंटी बंद, त्यामुळे काकूंना एकटं सोडायची त्यांची हिंमत होत नव्हती. सायकलवर बसताना दोनदा मागे वळून त्यांनी विचारलं, "बसता नं?"

तासाभरात घामाघूम होऊन परत आले. मूठ उघडली तर तळहातावर करंगळीच्या नखाएवढं सिम. दुकानातल्या मुलीनं सवयीनं तेवढं तोडून हातात दिलं होतं आणि भोवतालची चौकट कचऱ्यात टाकली होती. जुन्या फोनची खाच मोठी, तिच्यात हे लहानगं कार्ड हरवून जाणार. "बोलली, अंकल, अब तो टचवाला ले लो. मी म्हटलं, बाई, तुले काय समजते." मग तिनंच एक प्लास्टिकची चौकट दिली होती. सिम या चौकटीत बसवायचं आणि दोन्ही मिळून फोनमध्ये सरकवायचं. सोपं काम.

पण काकांकडे सोपं काम नसतं. प्लांटच्या रिवाजाप्रमाणे आधी शटडाऊन घ्यावं लागतं, म्हणजे यंत्र बंद करून त्यावर तशी पाटी लावायची. त्यांनी ट्रंकेतून लाल पत्र्याचा बिल्ला काढला, 'काम चालू आहे, हात लावू नये', आणि फोनच्या दोरीला अडकवला. फोन टेबलावर ठेवला. चष्मा पुसला. आणि सिम बाजूला ठेवून नुसती रिकामी चौकट आत सरकवायला लागले.

"काका, सिम?"

"क्रेन दुरुस्त केली की पहिली ट्रायल बिनलोडची, मॅडम. एकदम लोड टाकत नसतात."

चौकट आत गेली. बाहेर येईना. रिकाम्या भोकात फोनच्या आतल्या बारीक पितळी पिना अडकल्या होत्या. काकांनी ओढलं. कुठेतरी बारीकसं कट् झालं.

"पिना तुटल्या तं फोन गेला," ते म्हणाले. "असा फोन आता भेटते कुठं?"

मग त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, परत पुढे, परत मागे. मधेच लांब चोचीचा नोज प्लायर घेऊन आले. मी म्हटलं नको. ठेवून दिला, परत घेतला. खरं सांगायचं तर मला चीड आली होती, आणि रडूही येत होतं. एकतीस वर्षं टनावारी लोखंड डोक्यावरून नेऊन अलगद खाली ठेवणारा माणूस एवढ्याशा प्लास्टिकपुढे हरला होता.

"अवं, उभे राहा बरं एका जागी," काकू म्हणाल्या. "आना इकडे. ओढू नका."

त्यांनी फोन मांडीवर घेतला, बोटाच्या टोकानं खाच चाचपली. मग मला म्हणाल्या, "मॅडम, कपाटावर यांच्या गुडघ्याचा एक्स-रे आहे. त्याची बोटभर रुंद पट्टी कापून द्या."

"माझा गुडघा?" काका म्हणाले.

"बरा आहे आता तुमचा गुडघा. दिवसभर फिरताच नं."

मी पट्टी कापली. काकूंनी ती चौकटीखालून आत सरकवली, थोडी, अजून थोडी, श्वास रोखून. पिना दबल्या असाव्यात, कारण चौकट मुकाट्यानं बाहेर आली. एकही पिन तुटली नव्हती. डोळे असलेल्या आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"आता लोड टाका," काकू म्हणाल्या.

सिम बसलं. चालू व्हायला दोन तास लागतील असं दुकानात सांगितलं होतं. ते दोन तास काकांनी कसे काढले ते विचारू नका, अंगणातल्या फरशा झिजल्या असतील. शेवटी फोनवर टॉवरच्या दांड्या उगवल्या. काकांनी लाल बिल्ला काढला, फोन काकूंच्या गळ्यात अडकवला आणि माझ्याबरोबर माझ्या व्हरांड्यात आले.

माझ्या मोबाईलवरून नंबर दाबला. भिंतीपलीकडे घंटी वाजली. काकांनी डोळे मिटले. एक. दोन. आणि तिसरी वाजण्याआधीच घंटी थांबली. त्यांनी कापला नव्हता. पलीकडून उचलला होता.

इतक्या दिवसांत असं कधी झालं नव्हतं. मोबाईल माझ्या हातात कोंबून काका पळत सुटले, बुटाच्या नाड्या सुटलेल्या, गुडघ्याची पर्वा न करता. त्यांच्यामागे मी.

काकू खाटेवर शांत बसल्या होत्या. फोन कानाला.

"काय झालं? पडली का? चक्कर आली?"

"काही नाही झालं."

"मग उचलला कावून?"

काकूंनी फोन मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "दोन वर्षं झाली, घंटीच ऐकून राहिली मी. तीन वेळा वाजते, बंद होते. घरात असता तं नुसते फिरता. बाहेर जाता तं नुसती घंटी. तुमचा आवाज कवा येते?"

काका एका जागी उभे राहिले. मी त्यांना इतका वेळ एका जागी उभं पहिल्यांदाच पाहिलं.

मग ते बाहेर पडले, मला मागोमाग घेऊन माझ्या व्हरांड्यात आले आणि हात पुढे केला. मी फोन दिला. घंटी एकदाच वाजली.

"हॅलो," काका म्हणाले. "हां. मी गजभिये बोलून राहिलो." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी आत वळले. "जेवली का तू? हां, तुझ्यासंगंच जेवलो नं मी... तुले आवाज बराबर येते?"

भिंतीपलीकडून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. मी स्वयंपाकघरात जाऊन गॅसवर चहा टाकला. कप घेऊन बाहेर आले तेव्हा गजभियेकाका माझ्या पायरीवर बसले होते, नाड्या तशाच सुटलेल्या, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरलेला, आणि वरच्या केबिनमधून प्लांट कसा दिसायचा ते काकूंना सांगत होते.