सरकारांचा विजेचा रथ निघण्यापूर्वी तापविला त्याची हकीकत

नारळ एक. सारथियाचा लोकरी हातमोजा, डावा. तांब्याचा बंब, तोटी गळकी. घाटमाथ्यावर दवाचे दगड जाहले. भावाबहिणीचा अबोला, वर्षे अकरा.

ज्याने अग्नी दिला आणि थंडीही दिली त्यास नमन करून, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सरी पौष शुद्ध सप्तमीस जे वर्तले ते लिहितो. एक राज्य होते. तेथील सरकार आणि घाटापलीकडील त्यांच्या थोरल्या भगिनी आक्कासाहेब यांचे मातोश्रींच्या बंबावरून वितुष्ट आले, आणि आक्कासाहेबांनी बंब नेला आणि सरकारांनी बोलणे टाकिले. मग अकरा वर्षांनी सरकारांचे मनी आले की न कळविता जावे. दार उघडिले तर बहीण, न उघडिले तर माघारी फिरावे.

मग धुंडिराजशास्त्री ज्योतिषी यांनी पहाटे पाचाचा मुहूर्त काढिला, आणि थंडी ऐसी की सरकारांचा पाय रजईबाहेर निघेना. मग रिवाजाप्रमाणे प्रस्थान ठेवावे ऐसे ठरले. म्हणजे मुहूर्तास नारळ-सुपारीची पुरचुंडी रथात बसवावी, ती बसली म्हणजे सरकार निघाले, आणि सरकारांनी खासा आठास यावे. रथ विजेचा, थंडीत निघण्यापूर्वी तो आतून तापवावा लागे, आणि ते काम भिंतीच्या विजेवर होई. सारथी यल्लोजी यांनी पाचास तापविणे लाविले. तो ज्योतिषी बोलिले, "यल्लोजी, ही वायर काढा. निघालेला रथ बांधलेला नसतो."

"शास्त्रीबुवा, वायर काढली तर हा आपल्याच पोटातलं खाईल."

"खाऊ दे. प्रस्थान मोडलं तर सरकार तुम्हाला खातील."

मग वायर काढिली, आणि रथ अर्ध्या तासाने थंड होई, आणि ज्योतिषी म्हणत, "पुन्हा तापवा, पुरचुंडीत सरकार आहेत," आणि ऐसे आठापर्यंत चालिले. नारळास उत्तम ऊब मिळाली. सरकार रथारूढ जाहले तेव्हा वीज चाळीस टक्के उरली होती.

घाटात वीज भरण्याचे ठाणे नव्हते. माथ्यावर अकरा टक्के राहिले, आणि यल्लोजींनी रथ उभा केला.

"सरकार, इथून मागं उतरलो तर घर गाठू. पुढं उतरलो तर आक्कासाहेबांचं दार गाठू, पण परत नाही. आणि दार नाही उघडलं तर?"

सरकार नारळाकडे पाहत राहिले. मग बोलिले, "ऊब बंद कर. पुढं घे."

उतारावर रथ वीज परत मिळवितो. परंतु गारठलेल्या बॅटरीने ती घेतली नाही. दोन टक्क्यांवर रथ दारी लागला. सरकारांनी कडी वाजविली आणि बराच वेळ उभे राहिले, आणि मग आक्कासाहेबांनी दार उघडिले.

"अकरा वर्षांनी आलास," आक्कासाहेब बोलिल्या, "तोही बर्फाची लादी होऊन?"

"आक्का, परत जायला वीज नाही."

"आमच्याकडं कुठली रथाची वीज? राहा. बंब पेटलाय. आधी आंघोळ कर, मग भांड."

सरकार तीन दिवस राहिले. एकूण वर्तमान इतुके की नारळ तापला, सरकार गारठले, आणि तोटी अद्याप गळते.

गेल्या वैशाखात आक्कासाहेबांनी, स्वतःपाशी विजेचा रथ नसता, अंगणाचे भिंतीत रथास वीज भरण्याची जोडणी करून घेतली होती.