दाराबाहेरची सभा

कंपनीचे मोठे निर्णय सभागृहात होतात असं मॅडमना वाटायचं, तेही फक्त पहिले सहा महिने. मग त्यांच्या ध्यानात आलं की निर्णय होतात ते चहाच्या सुट्टीत, समोरच्या स्वच्छतागृहात. संचालकांच्या मजल्यावर ते एकच होतं आणि अर्थातच पुरुषांचं. या मजल्यावर कधी एखादी बाई चढून येईल, असं बांधणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं. सुट्टी झाली की सगळे संचालक गप्पा मारत तिकडे वळत आणि विक्रीप्रमुख मॅडम दोन जिने उतरून खाली जात. त्या परत येईपर्यंत इकडे शिजायचं ते शिजून ताटात वाढलेलं असे.

"मॅडम, त्या विषयावर आमचं एकमत झालंय," असं अध्यक्ष जरा ओशाळून सांगत.

आजचा विषय मात्र साधा नव्हता. कंपनीचा कारभार यापुढे कोणाच्या हाती द्यायचा, हे ठरायचं होतं. एकीकडे मॅडम, दुसरीकडे हिशेबखात्याचे प्रमुख. ज्याचं खातं तेच त्याचं नाव, अशी तिथली रीत असल्यामुळे त्यांना सगळे नुसतं 'हिशेब' म्हणत. विक्री दुप्पट केली होती मॅडमनी. हिशेबांनी ती रंगीत तक्त्यांत मांडून दाखवली होती. सकाळी सगळ्यांच्या माना मॅडमच्या बाजूनं डोलल्या होत्या, पण डोललेल्या माना सुट्टीत फिरतात हे त्या जाणून होत्या. आज सुट्टीत जागचं हलायचं नाही, असा त्यांनी पणच केला होता.

पण चहा पणाला जुमानत नाही. सुट्टीच्या जरा आधी त्या हळूच उठल्या, धावत खाली गेल्या, तर तिथे पाइप फुटून सगळं जलमय झालेलं. तशाच धापा टाकत वर आल्या.

"वरचंच वापरा की मॅडम," शिपाई म्हणाला. "सगळे अजून आत बसलेत. मी राहतो बाहेर उभा."

अडला हरी! मॅडम आत गेल्या आणि त्यांनी दाराची खिटी फिरवली. काम आटोपून परत फिरवायला गेल्या, तर खिटी ढिम्म हलेना. रुमालात धरून फिरवली, शिव्या देऊन फिरवली. तेवढ्यात बाहेर खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला आणि पाठोपाठ दारावर थाप पडली.

"कोण आहे आत?" हिशेबांचा आवाज.

"मी आहे. खिटी अडकलीय."

 बाहेर एकच धांदल उडाली. शिपायाला सुताराकडे पिटाळलं गेलं. अध्यक्षांना साखरेचा विकार. त्यांचं कण्हणं आतपर्यंत ऐकू येत होतं.

"सुतार येईपर्यंत इथंच उरकून घेऊ," हिशेब म्हणाले. "हळू बोला म्हणजे झालं."

इतकी वर्षं धो धो पाण्याच्या आवाजात बोललेल्या त्या माणसांना हळू बोलणं कुठून जमणार? मॅडमना शब्द न् शब्द ऐकू येत होता. आणि नेमकी तेव्हाच खिटी कट्कन फिरली. त्या बाहेर पडणार, इतक्यात 'कारखाना' म्हणाले, "बाई हुशार आहे, वादच नाही. पण घरी दोन लहान मुलं. झेपेल का तिला?"

मॅडमचा हात मुठीवरच थबकला. बाहेरून कोणीतरी दाराला धप्पकन पाठ टेकली.

"कारखानासाहेब," त्या आतूनच म्हणाल्या, "तुम्हाला तर तीन आहेत. तुम्हाला कसं झेपतं?"

"अं? ती आमची ही बघते."

"माझी माझा नवरा बघतो. आणि घरी गेल्यावर मीही बघते. तुम्ही बघता का?"

कारखाना खोकायला लागले. मग 'कायदा' पुढे सरसावले. "तसं नाही मॅडम. बाईमाणूस कडक बोललं की लोकांना टोचतं हो."

"आणि मऊ बोललं तर?"

"तर म्हणतात, हिच्यात धमक नाही."

"मग बोलायचं तरी कसं?"

"ते... बघावं लागेल," कायदा म्हणाले. कायद्यात त्याची तरतूदच नव्हती.

आता राहिले हिशेब. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम, खरं सांगू? गेली दहा वर्षं मी घरी सांगतोय, पुढच्या वर्षी मीच साहेब होणार. बायकोला तोंड कसं दाखवू?"

"वहिनींशी मी बोलते. पण तुमच्याशिवाय माझे आकडे कोण मांडणार?"

हिशेबांना हे पटलं. आतल्या आत ते जरा फुललेसुद्धा.

"झालं ना समाधान?" अध्यक्ष कळवळून म्हणाले. "मग मॅडमच्या बाजूनं हात वर करा, नाहीतर इथंच अनर्थ होईल!"

हात वर झाले. "एकमतानं!" असं ओरडून अध्यक्ष दारापासून दूर झाले. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांना घाईघाईनं नमस्कार ठोकत सगळे आत घुसले. अध्यक्ष तेवढे मागे राहिले.

"खिटी अगदी वेळेवर सुटली," ते म्हणाले.

"हो ना साहेब, नशीबच!"

"मॅडम, त्या खिटीला बाहेरून एक बारकी खिडकी आहे. लावली की लाल दिसतं, उघडली की हिरवं. कारखाना मुलांचं बोलले ना, तेव्हाच हिरवं झालं होतं."

मॅडमनी चमकून दाराकडे पाहिलं. "मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलतो कसला! कोणाला दिसू नये म्हणून तर पाठ लावून उभा राहिलो."

"या अवस्थेत?"

"दर वेळी हात धुता धुता यांचं ऐकायचो आणि माझं एकमत होऊन जायचं," अध्यक्ष म्हणाले. "उत्तरं मलाही ठाऊक होती हो, द्यायचा धीर नव्हता. आज तुम्ही दिलीत, मी नुसतं दार धरलं. आता मात्र कृपा करून बाजूला व्हा."