गाईला शिंगं काढणारे तात्या

छापलेला फ्लेक्स मी दुकानात वाळायला टांगला की शंकरतात्या ब्रश घेऊन हजर. विचारणं वगैरे नाही. कुणाच्या वाढदिवसाच्या फोटोतल्या भुवया दाट कर, कुणाच्या फेट्याला सावली दे, असा त्यांचा उद्योग. जळोचीत माझं फ्लेक्सचं दुकान आणि त्याच्या मागं त्यांचं घर, त्यामुळे सुटका नाही.

तात्यांनी जन्मभर बारामती-इंदापूरच्या दुकानांच्या पाट्या हातानं रंगवल्या. कॉम्प्युटरचं चित्र त्यांच्या लेखी चित्रच नव्हे. "ह्यात जीव न्हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

मी म्हणायचो, "तात्या, गिऱ्हाइकाला जीव नको, उद्या सकाळी बोर्ड पाहिजे."

"मग उद्या दे की. जीव मी आज घालतो."

परवा तर कहर झाला. निमगाव केतकीच्या एका डेअरीवाल्याचा बोर्ड होता. मी त्यावर छान गुबगुबीत, बिनशिंगाची गाय बसवली होती. जेवून येतो तो तात्यांनी तिला टोकदार शिंगं काढलेली आणि गळ्यात घंटाही बांधलेली. डेअरीवाला आला, बोर्ड बघितला. मग म्हणाला, "असली गाय दारात लावली तर दूध न्यायला कोण येतंय?"

बोर्ड पुन्हा छापायला घेतला आणि आज सोक्षमोक्षच लावायचा म्हणून तडक तात्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं. तात्यांच्या बायको, गोदाकाकी, भिंतीकडं तोंड करून उभ्या होत्या. शुगरनं त्यांची नजर गेलेली. भिंतीवर तात्यांनी काकींचं डाळजचं माहेर रंगवायला घेतलं होतं. घर, विहीर, बोरीचं झाड. सगळं रंगाचे थरावर थर देऊन जाड केलेलं. काकी त्यावरून बोटं फिरवत होत्या.

"अहो, ही फांदी विहिरीकडं हुती. तुमी उलटीकडं काढलीय."

"व्हय? मग खरवडतो," तात्या म्हणाले. या माणसाला कुणाचं ऐकताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

मला दारात बघून ते हळूच म्हणाले, "फ्लेक्स गुळगुळीत असतोय रं. तिच्या हाताला काय लागणार?"

काकींची बोटं ओल्या रंगानं हिरवी झाली होती. तात्यांनी घासलेटाच्या चिंधीनं ती एकेक करून पुसली आणि विचारलं, "विहिरीच्या पलीकडं काय हुतं गं?"