रुमालाखालचे इंग्रजी

मोंढ्यात पूर्वी धान्याचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत असे. उदगीरचे आमचे बिराजदार सर इंग्रजीचा पाठही तसाच ठरवत. प्रत्येक विद्यार्थ्याने रुमालाखाली त्यांचे एक बोट दाबले तर पाठ नापसंत, पाचही दाबली तर पसंत. एकाचीही नापसंती आली, की पाठ बाद. कोणी काय दाबले, ते फक्त सरांना ठाऊक.

सकाळच्या त्या वर्गात सारे आडते आणि व्यापारी. मी एकटा निवृत्त ग्रंथपाल. पहिल्याच दिवशी छापील पुस्तकातला विमानतळाचा पाठ निघाला.

“सर, ते इमान ऱ्हाऊ द्या,” डाळवाले कदमशेठ म्हणाले. “माझा ट्रक वाटंत बंद पडला, तर हैदराबादच्या पार्टीला काय सांगू?”

“हाव! हाच पाठ!” सरांनी टेबलावर थाप मारली. “माल तुमचा, पारख तुमची!”

विमानतळाची पाने फाटली, तिथे कदमांचा ट्रक डिंकाने चिकटला. पुढे मीही धीर करून चिठ्ठी सरकवली : ‘समजले नाही, पुन्हा सांगाल का?’ हा पाठ हवा. एकमताने पसंत! आयुष्यभर इतरांची पुस्तके सांभाळली. आता एका पुस्तकात माझे पान होते. त्या आनंदात मी घराच्या पुढे निघून गेलो.

वीस पाठ झाले की पुस्तक पुरे आणि वर्ग समाप्त, असे ठरले होते. एकोणीस झटपट झाले. विसावा मात्र ठरेना. बँक नापसंत, दवाखाना नापसंत, पाहुणचारही नापसंत.

“कोण एक बोट दाबून राहिलंय रे?” वर्ग सुटल्यावर जिन्यात कदमांनी दरडावले.

“मी पाच.” “मी बी पाच.” मीही पाचच दाबली होती.

सारे तसेच वर चढलो. विचारण्याचे काम, का कोण जाणे, माझ्याकडे आले.

“सर, आम्ही सर्वांनी पाच बोटे दाबली होती.”

सर पुस्तकावरचा वाळलेला डिंक नखाने खरवडू लागले. “दवाखाना चांगला पाठ होता,” ते म्हणाले. “पण पुस्तक भरलं, की तुमी येणार न्हाईत. घरी मी अन् रेडिओ.”

मग कदमांनी रुमाल उचलला आणि आपला पंजा त्याखाली धरला. “आता तुमी दाबा, सर. वर्ग बंद करायचा का?”

सरांचा हात रुमालाखाली गेला.

“नापसंत!” कदम ओरडले. वर्गात एकच कल्ला उडाला. तो ओसरला तरी सरांचा हात आतच होता.

“एकच बोट हाय सर. सोडा की आता.”

“थांबा हो,” सर म्हणाले, “मोजून राहिलो.”